खड्डा बुजण्याआधी

कुठे खणकाम चाललेलं दिसलं की माणूस थांबतोच. उशीर होत असला तरी दोन मिनिटं कडेला उभा राहतो, आत डोकावतो आणि खणणाऱ्याला मनातल्या मनात सूचनाही देतो. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरचं बांधकाम चालू होतं तेव्हा, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्या मंडळींनी अशा बघ्यांसाठी कुंपणाशी खास जागा करून दिली, फुटपाथवरच्या पर्यवेक्षकांचा क्लब काढला आणि सभासदांना कार्डंही वाटली. होती ती थट्टाच, पण माणसाची नस बरोबर पकडलेली. आज त्या बघ्याच्या हातात कॅमेरा आहे, एवढाच फरक. तो बघतो आणि बघता बघता टिपतो. चर खणणारे मजूर, वाळूत बोगदा काढणारी पोरं, बागेत कुदळ टेकवून दम खाणारी बाई, मागचे पाय फाकवून माती उडवणारा कुत्रा.

या फोटोंचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला सार्वजनिक वाटतो. त्याची दोन उत्तरं सर्रास ऐकू येतात. एक म्हणजे, हा सगळा डिजिटल केरकचरा आहे, फोन भरला की आपोआप पुसला जाईल. दुसरं म्हणजे, उघड्यावर अनोळखी माणसाचा फोटो काढायलाच बंदी हवी. मला दोन्ही पटत नाहीत. रोजच्या, उघड्यावरच्या कामाचे हौशी माणसांनी काढलेले फोटो हे समाजाचं दप्तर आहे आणि ग्रंथालयांनी, संग्रहालयांनी, नगरपालिकांच्या अभिलेख विभागांनी ते रीतसर दाखल करून घ्यायला हवेत. दाखल करताना अट एकच घालावी. फोटो सुंदर आहे का, हे विचारू नये. सोबत नोंद आहे का, ते विचारावं.

खणकामाचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. बाकीची बहुतेक कामं आपली खूण मागे ठेवतात. भिंत बांधली तर भिंत उभी राहते, झाड लावलं तर ते वाढतं. खणण्याचं तसं नाही. खड्डा होतो तोच बहुधा बुजवण्यासाठी. रस्त्याखालचा चर दोन-तीन दिवस उघडा असतो आणि तेवढ्यात जे दिसतं ते नंतर कित्येक वर्षं कुणाला दिसत नाही: नळ किती खोल गेला, केबल त्याच्या वरून गेली की खालून, जुन्या रस्त्याचे थर किती, मुळं कुठवर पोचली. मग भराव पडतो, रोलर फिरतो आणि पुढच्या वेळी कुणीतरी अंदाजानेच पहार मारतो. जाणते कंत्राटदार चर बुजवण्याआधी फोटो काढून ठेवतात ते याचसाठी, आणि तो फोटो काढताना चौकटीत एखादा न हलणारा कोपरा, खांब किंवा पायरी येईल असं बघतात. उत्खनन करणारे तर उघडच सांगतात की आमचं काम म्हणजे पुरावा वाचत वाचत नष्ट करणं. वरचा थर उचलल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि उचललेला थर परत ठेवता येत नाही. उरतं ते वहीत आणि फोटोत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं सटन हू. १९३९च्या उन्हाळ्यात इडिथ प्रिटी या बाईंच्या जमिनीवरचा एक उंचवटा बेसिल ब्राउन यांनी खणायला घेतला. ब्राउन स्वतःच्या बळावर शिकलेले, कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसलेले. मातीखाली सातव्या शतकाच्या सुरुवातीचं एक जहाज निघालं, सुमारे २७ मीटर लांबीचं. ‘निघालं’ म्हणायचं ते सवयीने. लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. शिल्लक होता तो वाळूत उमटलेला जहाजाचा ठसा आणि त्यावर ओळीने बसलेले लोखंडी खिळे. हात लावला तर मोडेल अशी वस्तू.

ऑगस्टमध्ये तिथे दोन शिक्षिका आल्या, मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ. दोघी मैत्रिणी, सुट्टीवर, दोघींना फोटोग्राफीचा नाद. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. खणणाऱ्यांनी परवानगी दिली आणि पुढचे दोन-अडीच आठवडे त्या जहाजाचे फोटो काढत राहिल्या. चारशेच्या आसपास कृष्णधवल, शिवाय काही रंगीत. त्या काळी उत्खननाचे रंगीत फोटो हा प्रकारच दुर्मीळ होता. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. जहाजाची मोजमापं घेऊन काढलेले नकाशे युद्धाच्या धामधुमीत नष्ट झाले. खुद्द त्या जागेवर लष्करी वाहनांचा सराव चालला आणि ठशाचीही नासधूस झाली. १९६०च्या दशकात तज्ज्ञ पुन्हा तिथे गेले तोवर १९३९च्या जहाजाबद्दल विचारायचं कुणाला? तिथे काम केलेले अभ्यासक होते, ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांच्यासारख्या जाणत्या पुरातत्त्वज्ञाने काढलेले फोटो होते, आणि या दोन बाईंचे अल्बम होते. पुढे हे अल्बम दुरुस्त करून, स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले करण्यात आले.

त्या जहाजात सोन्याच्या वस्तूही सापडल्या होत्या, म्हणून ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, ‘हो, पण तो खजिना होता. गल्लीतल्या खड्ड्यात काय आहे?’ हा आक्षेप मला उलटा लावावासा वाटतो. खजिन्याचे फोटो काढायला कुणी ना कुणी येतंच. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याच्या थडग्यावर १९२२पासून जवळपास दहा वर्षं हॅरी बर्टनसारखा कसलेला छायाचित्रकार होता. सोन्याचे फोटो भरपूर निघाले. पण त्याच फोटोंमध्ये माती वाहणारे, पायऱ्या साफ करणारे, पेट्या उचलणारे इजिप्शियन कामगार आहेत. ते थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने आपल्या चार मुकादमांची नावं छापून त्यांचे आभार मानले. चेहरे फोटोत आहेत, नावं पुस्तकात आहेत, आणि कोणतं नाव कोणत्या चेहऱ्याचं हे आज खात्रीने सांगता येत नाही. एका ओळीचं काम होतं. त्या ओळीसाठी लागणारी पेन्सिल तिथल्या प्रत्येकाच्या खिशात असणार.

बेसिल ब्राउन यांचंही फार वेगळं झालं नाही. ज्यांनी जहाज शोधलं त्यांचं नाव, त्यातल्या वस्तू मांडलेल्या ब्रिटिश म्युझियमच्या दालनात कित्येक वर्षं नव्हतं. फोटोत मात्र ते होते.

म्हणून नोंद. हौशी छायाचित्रकारांना हा शब्द रुक्ष वाटतो हे मला माहीत आहे, मलाही वाटायचा. आपण प्रकाश बघतो, कुदळ वर उचलली जाण्याचा क्षण बघतो. त्यात कौशल्य आहे, नाही कसं. खणणाऱ्याचा फोटो घेणं दिसतं तितकं सोपं नसतं. कुदळ खाली येताना टिपायला गेलं तर हाताची नुसती रेघ उमटते. पण ती डोक्यावर पोचून क्षणभर थबकते तेव्हा मंद शटरलाही सापडते. जाणकार त्या थबकण्याची लय दोन-चार घावांत ओळखतात आणि पाचव्याला बटण दाबतात. तरीही पन्नास वर्षांनी त्या फोटोकडे बघणारा माणूस लय विचारणार नाही. तो विचारेल, ही जागा कुठली? साल कोणतं? हा माणूस कोण?

हे कळलेली माणसं फार पूर्वीच होऊन गेली. १८९७मध्ये सर बेंजामिन स्टोन यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये राष्ट्रीय छायाचित्र-नोंद संघ निघाला. सभासद बहुतेक हौशी. काम असं की जुन्या इमारती, जत्रा, चालीरीती, रोजचे व्यवहार टिपायचे, लवकर न विटणाऱ्या पद्धतीने छापायचे आणि माहितीसह ब्रिटिश म्युझियमकडे जमा करायचे. १९१०मध्ये संघ बंद पडला तोवर पाच हजारांहून अधिक छापील फोटो जमा झाले होते. त्यांच्या दृष्टीतही खोट होती. ‘लोप पावत चाललेलं’ म्हणजे जुनं, गोजिरं आणि आपल्या देशाचा अभिमान वाटेल असं, एवढ्यावरच त्यांची नजर जायची. गटारं खणणारे त्यात फारसे सापडायचे नाहीत. पण रचना चोख होती. हौशीने काढावं, लिहावं, संस्थेने सांभाळावं. आपण त्यातलं पहिलंच तेवढं उचललं आणि तेही बेसुमार.

आता दुसऱ्या गोटाकडे वळतो. घाम गाळणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा अधिकार कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिला कोणी? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही, कारण तो फोटोतच दिसतो. खणणारा खाली असतो, फोटो काढणारा वर. खणणारा वाकलेला, त्याची नजर मातीत. कॅमेऱ्याला मिळते ती पाठ आणि टोपी. चराच्या काठावरून काढलेले शंभर फोटो एकत्र मांडून बघा, माणसं नव्हेत, पाठी दिसतील. त्याला ‘श्रमाचं सौंदर्य’ असं शीर्षक दिलं की झालं. या शीर्षकाचा मला मनस्वी कंटाळा आहे. ज्याचा मणका दुखतो त्याला ते वाचून दाखवावं एकदा.

मग चरात उतरून काढावा का? मुळीच नाही. एक घनमीटर माती टनाहून अधिक भरते, आधार न दिलेली चराची भिंत ढासळताना आवाजही करत नाही, आणि आपण उतरलो तर आपल्याला काढायला त्याच माणसाला यावं लागतं. काठापासून दूर जमिनीवर बसलं तरी उंची बरीच जुळते. काम थांबायची वाट बघितली तर चेहराही दिसतो आणि बोलणंही होतं.

जर्मनीत १९२६मध्ये याच प्रश्नाला मुळातून हात घातला गेला. कामगारांसाठी निघणाऱ्या एका सचित्र नियतकालिकाच्या लक्षात आलं की आपल्या वाचकांच्या आयुष्याचे फोटो बाजारात मिळतच नाहीत. वृत्तसंस्था पुढाऱ्यांचे आणि समारंभांचे फोटो विकत, हौशी मंडळी सूर्यास्तांचे काढत. तेव्हा त्यांनी कामगारांनाच सांगितलं की तुमचे फोटो तुम्ही काढा आणि आम्हाला पाठवा. त्याच वर्षी कामगार छायाचित्रकारांची संघटना उभी राहिली, तिचं स्वतःचं मासिक निघालं, गावोगावी गट झाले. त्यामागे पक्षाचं राजकारण होतं, प्रचार होता, हे मान्यच. १९३३मध्ये नाझींनी सत्ता घेतली आणि हे सगळं मोडून टाकलं. तरी त्या सात वर्षांत एक गोष्ट दिसून आली, की कॅमेरा खड्ड्यातल्या माणसाच्या हातात गेला की फोटोत पाठी कमी होतात आणि हत्यारं, वळ पडलेले तळवे, शेजारचा सोबती हे जास्त येऊ लागतं. आज खणणाऱ्याच्या खिशातही फोन आहे. माझ्या मते उद्याचं सगळ्यात मोलाचं दप्तर त्याच फोनमध्ये पडून आहे आणि कुठल्याही संग्रहालयाने त्याला अजून विचारलेलं नाही.

कायद्याचं काय, तर हा झगडा कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८मध्ये आला, शंभर फोटोंचं रीळ भरूनच. संपलं की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. दोनच वर्षांनी, १८९०मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला आणि त्यात झटपट फोटोंचा उल्लेख तक्रारीच्या सुरात आहे. जर्मनीत १८९८मध्ये दोन छायाचित्रकार माजी चान्सलर बिस्मार्कचा मृतदेह ठेवलेल्या खोलीत शिरले, त्यावरून गहजब झाला आणि १९०७च्या कायद्याने माणसाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क मिळाला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये, पायऱ्यांवर नुसती बसलेली एक १७ वर्षांची मुलगी न विचारता मासिकात छापली म्हणून तिला भरपाई मान्य केली. उलट न्यूयॉर्कमध्ये २००६ साली, रस्त्यावर टिपलेल्या अनोळखी चेहऱ्याचं कलादालनात प्रदर्शन करणं हा धंदा नसून कला आहे, असं म्हणून न्यायालयाने तक्रार फेटाळली.

या सगळ्यांतून मला एक भेद महत्त्वाचा वाटतो: काढणं वेगळं, पसरवणं वेगळं. उघड्यावर फोटो काढायलाच लेखी संमती लागू लागली तर उघड्यावरचं आयुष्य नोंदीतून पुसलं जाईल आणि उरतील ती पोज दिलेली माणसं. शिवाय बंदीचा फायदा कुणाला होतो ते बघा. आधार न लावता खोल चर खणायला लावणाऱ्याला फोटो नकोच असतो. पण तोच फोटो चेहऱ्यासकट रात्रीत सगळीकडे गेला तर रोजगार जातो तो चरातल्या माणसाचा, लावणाऱ्याचा नाही. म्हणून ओळखू येणारा चेहरा प्रसिद्ध करायचा तर विचारावं, लहान मुलांच्या बाबतीत हटकून विचारावं, आणि अभिलेखागाराने ठरावीक वर्षं फोटो कुलपात ठेवायची सोय करावी. जनगणनेचे वैयक्तिक तपशील अनेक देश दशकानुदशकं बंद ठेवतात. फोटोंना तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

संस्थांची अडचण वेगळी असते. त्या म्हणतात, इतके फोटो ठेवायचे कुठे आणि निवडायचे कसे? निवड नोंदच करेल, असं माझं उत्तर आहे. जागा, तारीख, काय चाललंय, कोण आहे (किंवा नाव द्यायचं नाही असं तो म्हणाला), आणि कुणी काढला. एवढं लिहायचा ज्याला आळस त्याचा फोटो न घेतलेलाच बरा. ढीग तिथेच निम्म्याहून कमी होईल. कॅमेरा तारीख स्वतः टाकतो हे खरं, पण बहुतेक समाजमाध्यमं फोटो चढवताना ती माहिती काढून टाकतात आणि फोटो आवळून लहान करतात. मूळ प्रत फोनबरोबर हरवते. मागून माहिती जमवता येते, नाही असं नाही: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८मध्ये आपले जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवले तेव्हा लोकांनी दुकानांच्या पाट्यांवरून आणि आजोबांच्या चेहऱ्यांवरून कितीतरी ओळखी पटवून दिल्या. पण ती उस्तवार. पुढच्या पिढीला कोडी घालण्यात आपला काय मोठेपणा?

आणि आता तर यंत्राने बनवलेले फोटो आले. चर, मजूर, धूळ, तिरपं ऊन, सगळं हुबेहूब; फक्त ते खणकाम कुठेही झालेलं नसतं. अशा वेळी एकटा देखणा फोटो फारसं काही सिद्ध करत नाही. सिद्ध करते ती मालिका: तोच कोपरा सकाळी, दुपारी, भराव पडताना, मध्ये एक हललेला, एक अंगठा आलेला, आणि सोबत ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्या माणसाची सही. हौशी लोक असे वाईट फोटो पुसून फक्त एक चांगला ठेवतात. अभिलेखागाराने त्यांना सांगावं, की बाबांनो, ते वाईटही द्या.

हे काम लोकांच्या भरवशावर चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंड आणि वेल्समधली सापडलेल्या प्राचीन वस्तूंची नोंद-योजना बघावी. १९९७पासून ती चालू आहे. शेतात, माळावर, बागेत वस्तू सापडलेले सामान्य लोक ती घेऊन येतात, तिचा फोटो आणि जागा नोंदली जाते, आणि अशा वस्तूंचा आकडा दहा लाखांच्या कधीच पुढे गेला. तिथेही सांगतात ते हेच: वस्तू उचलण्याआधी, ती मातीत आहे तशी, शेजारी मापाला काहीतरी ठेवून एक फोटो घ्या.

मी स्वतः या बाबतीत उशिरा शहाणा झालो. माझ्याकडे जुन्या रिळांवरचे खणकामाचे पाच-सहा चांगले फोटो आहेत. एका खड्ड्याभोवती चौघे उभे, आत एकटाच खणतोय, असा एक तर सगळ्यांना आवडतो, लोक हसतात. पाठीमागे काहीही लिहिलेलं नाही. चौघांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही आणि खड्डा कशासाठी होता तेही आठवत नाही.

अलीकडे वही बरोबर असते. मध्यंतरी पाण्याच्या नळासाठी चर चालला होता. काम थांबल्यावर जाऊन विचारलं, फोटो काढला तर चालेल का, आणि नाव काय लिहू. माणूस चहूकडे बघून म्हणाला, “फोटो काढा. नाव नका लिहू माझं.” मी बरं म्हणून वही मिटायला लागलो. तेवढ्यात त्याने पहारीने खांबाकडे बोट केलं. “लिहायचंच असेल तर हे लिहा. नळ कमरेएवढा खोल आहे, त्या खांबापासून सहा पावलांवर. आणि वरून एक जुनी केबल जाते, ती चालू आहे का बंद, आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही.”

मी तसंच लिहून घेतलं. सहा पावलं मोजूनही पाहिली. माझी सात भरली, म्हणून दोन्ही आकडे लिहून ठेवले.